स्पाइक गार्ड लावलाय ना, मग काळजी कसली?

घरी नवा कॉम्प्युटर आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मॉनिटर किती इंची घ्यायचा, कीबोर्ड कुठला, प्रिंटर इंकटँक की लेझर, यावर घरात आठवडाभर खल होतो. दहा व्हिडिओ पाहिले जातात, दोन-चार दुकानं पालथी घातली जातात. विजेचा विषय मात्र बिल करता करता दुकानदारच मिटवून टाकतो: ‘एक स्पाइक गार्ड टाकतो, निर्धास्त राहा.’ चार-सहा सॉकेट, जाडसर वायर आणि एक लाल दिवा. मग वळवाच्या पहिल्याच पावसात एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, उडतो, कधी त्याच्यासोबत मदरबोर्डही जातो, आणि लोक विचारतात, ‘अहो, स्पाइक गार्ड असूनही असं कसं झालं?’

हा प्रश्न ऐकून ऐकून कान किटले आहेत. तेव्हा एकदाच नीट सांगून टाकतो.

गैरसमज: स्पाइक गार्ड असला की कॉम्प्युटर सुरक्षित

आधी हा बोर्ड आतून कसा असतो ते पाहू. स्वस्तातला बोर्ड उघडला तर आत तीन पितळी पट्ट्या, एक स्विच, ५ किंवा ६ ॲम्पिअरचा फ्यूज आणि दिव्याला जोडलेला एक बारीक रेझिस्टर दिसतो. संपलं. फ्यूज करंट प्रमाणाबाहेर गेला की उडतो. व्होल्टेज किती आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. लाल दिवा वीज आली आहे एवढंच सांगतो. म्हणजे हा साधा एक्स्टेन्शन बोर्ड झाला. त्याच्या खोक्यावर काय छापलं आहे याने आतल्या पितळेत फरक पडत नाही.

बरा बोर्ड असेल तर आत बटणाएवढी, बहुधा निळी चकती सापडते. तिला मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर म्हणतात, बोलताना एमओव्ही. ती मुख्यतः झिंक ऑक्साइडची असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या वस्तूंत सर्रास दिसणाऱ्या चकतीवर ‘१४डी४७१’ असा शिक्का असतो. १४ म्हणजे व्यास १४ मिलिमीटर आणि ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, अर्थात ४७० व्होल्ट. साधारण तेवढ्या व्होल्टेजपर्यंत चकती गप्प बसते. त्यावर गेलं की वीज स्वतःतून वाहून नेते आणि पुढे जाणारा धक्का छाटते. छाटते म्हणजे शून्यावर आणत नाही. या चकतीच्या माहितीपत्रकात छाटल्यानंतरचं व्होल्टेज ७७५ च्या आसपास दिलेलं असतं. तेवढं क्षणभर कॉम्प्युटरपर्यंत पोचतंच. चांगला एसएमपीएस ते सोसतो, कारण त्याच्या तोंडाशीही बहुतेक वेळा अशीच एक चकती बसवलेली असते.

सगळी गोम ‘क्षणभर’ या शब्दात आहे. प्रयोगशाळेत या चकत्यांची परीक्षा घेताना जो धक्का देतात तो ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि विसाव्या मायक्रोसेकंदाला निम्मा होतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. चकती एवढ्या अल्प काळाच्या कामासाठीच घडवलेली आहे. शिवाय दर धक्क्यागणिक ती थोडी झिजते आणि एक दिवस निकामी होते. चांगल्या बोर्डावर संरक्षण शिल्लक आहे की नाही हे दाखवणारा वेगळा दिवा असतो. तुमच्या बोर्डावर तसा दिवा नसेल, तर चकती जिवंत आहे की मेली हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

आता आपल्या घरातली उपकरणं जळतात कशाने? पुष्कळदा कारण असतं न्यूट्रल तुटणं. डीपीवरून येणारी लाइन तीन फेज आणि एक न्यूट्रल अशी असते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, तर दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट. वाऱ्यात फांदी पडून न्यूट्रल तुटला, किंवा इमारतीच्या मीटररूममधला त्याचा जोड सैल होऊन जळला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी मालिकेत जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात.

वाटणी कशी होते ते पाहा. तुमच्या घरात फक्त कॉम्प्युटर, पंखा, दिवे असा ५०० वॅटचा भार आहे. शेजारी दुसऱ्या फेजवर २००० वॅटचा गीझर चालू आहे. सोयीसाठी दोनच घरं धरली, तर शेजाऱ्यांना ८० व्होल्ट मिळतील आणि तुम्हाला ३२०. ज्याच्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. आणि हे मायक्रोसेकंदांचं प्रकरण नसतं. कुणाच्या तरी लक्षात येऊन मेन स्विच बंद होईपर्यंत ते चालूच राहतं.

अशा वेळी ती चकती काय करते? ३२० व्होल्ट एसीचं शिखर सुमारे ४५२ व्होल्टला टेकतं. चकतीचा उंबरठा ४७० चा, त्यामुळे ती जवळपास स्वस्थ बसते. तिकडे एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर असतो ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो फुगतो आणि फुटतो. व्होल्टेज ३६०-३८० वर गेलं, तर चकती दर शिखराला वाहू लागते, तापते, तडकते, धूर सोडते. चांगल्या बोर्डात थर्मल फ्यूज तिला वेळीच तोडतो. आग टळते, पण बऱ्याच बोर्डांत त्यानंतरही सॉकेटमधली वीज चालूच राहते. म्हणजे पहारेकरी गेला आणि दार उघडंच.

यावर खरा उपाय मेन बोर्डात बसतो. ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ नावाचं एमसीबीएवढं उपकरण मिळतं. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या, साधारण २७० च्या, वर गेलं किंवा फार खाली आलं की ते अख्ख्या घराची वीज तोडतं आणि सगळं सुरळीत झाल्यावर थोडं थांबून परत जोडतं. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळ्यांनाच त्याचा फायदा. आरसीसीबी बसवलेला आहे, तेवढा पुरे, असंही काही जण म्हणतात. पुरत नाही. आरसीसीबी गळती पकडतो आणि माणसाचा जीव वाचवतो. वाढलेलं व्होल्टेज पकडणं हे त्याचं काम नाही.

अर्थिंगचं काय?

स्पाइक गार्डवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी उलट विचारतो: तुमच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग येतं का? उत्तर बहुधा ‘असेल की’ असं येतं. बऱ्या बोर्डात तीन ठिकाणी चकत्या असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. अर्थिंगच नसेल तर त्यातल्या दोन जागच्या चकत्या नुसत्या शोभेला.

अर्थिंग नसल्याची खूण बऱ्याच घरांत रोज मिळत असते. कॅबिनेटच्या पत्र्याला मागच्या बाजूने हात लागला की झिणझिण्या येतात, पत्र्याला टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्रा दोघांच्या अधेमधे, ११५ व्होल्टच्या आसपास, लटकत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. यावर आपल्याकडचा लाडका उपाय काय, तर पायात चप्पल घालून कॉम्प्युटरवर बसायचं! आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर वापरायचा, म्हणजे असलेलं अर्थिंगही गेलं.

याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणणारे महाभाग. मुंग्या थांबतात हे खरं. पण पुढे कधी तो न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटच्या पत्र्यात थेट फेज उतरतो. हे जिवावर बेतू शकतं. कुणी असं करून ठेवलं असेल तर आजच काढायला लावा.

वीज पडली तर?

मे-जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. कुठलाही बोर्ड जवळ पडलेल्या विजेला अडवेल याची खात्री धरू नका. आणि फक्त प्लग काढून भागत नाही. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ या सरकारी संस्थेने २००१ साली घरगुती ग्राहकांसाठी ‘सर्जेस हॅपन!’ नावाची पुस्तिका काढली होती. तिचा भर याच मुद्द्यावर आहे की ज्या वस्तूला विजेची आणि केबलची किंवा फोनची अशा दोन बाजूंनी जोडणी असते, तिला जास्त धोका. आपल्याकडे इमारतीच्या गच्चीवरच्या डब्यातून राउटरपर्यंत येणारी तांब्याची लॅन केबल म्हणजे हीच दुसरी बाजू. गच्चीवरून शिरलेला धक्का राउटरमार्गे कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टपर्यंत येतो, आणि स्पाइक गार्ड भिंतीशी बसून असतो. तेव्हा लॅन केबलही काढा. घरापर्यंत थेट फायबर येत असेल तर त्या वाटेचा धोका नाही, कारण काचेतून वीज वाहत नाही. फायबरच्या डब्याच्या ॲडॉप्टरचा प्लग मात्र काढावाच लागेल.

यूपीएसबद्दलचे गैरसमज

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट, हा पहिला. घरगुती यूपीएस त्यातले बहुधा ३६० वॅटच देतात. खोक्याच्या बाजूला वॅट लिहिलेले असतात, ते वाचा.

तासभर काम चालेल, हा दुसरा. आत १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी भराभर उपसली की त्यातले जेमतेम निम्मे हाती लागतात. १५० वॅटचा डेस्कटॉप नव्या बॅटरीवर पंधरा मिनिटं चालला तरी समाधान माना. काम सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढा वेळ पुरतो, आणि यूपीएस त्यासाठीच असतो. दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलायची तयारीही ठेवा.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. त्यातला कागद तापवणारा भाग थोडा थोडा वेळ ८००-१००० वॅट ओढतो आणि यूपीएस मान टाकतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर नवा यूपीएस घेण्याआधी त्याची मागची बाजू पाहा. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असतं. त्यात वीज गेल्यावर बॅटरीवर येण्याचा वेळ कमी असतो, त्यामुळे बऱ्याचदा डेस्कटॉप बंद पडत नाही. ते बटण दुसऱ्या बाजूला ठेवून ‘आमचा इन्व्हर्टर बेकार आहे, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आणि लॅपटॉपला स्टॅबिलायझर? त्याच्या ॲडॉप्टरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ छापलेलं असतं. कमी व्होल्टेजची सोय त्यात मुळातच आहे, आणि यूपीएस लॅपटॉपच्या पोटातच आहे.

किरकोळ गैरसमज, एकेका ओळीत

जास्त वॅटचा टाइप-सी चार्जर लॅपटॉप जाळतो: नाही, किती वीज घ्यायची ते लॅपटॉप आणि चार्जर आपसांत ठरवतात.

टाइप-सी केबल सगळ्या सारख्या: मुळीच नाही, चार्जरसोबत येणाऱ्या अनेक केबल डेटा फक्त ४८० मेगाबिटच्या जुन्या वेगाने नेतात.

सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलने चित्र उजळ दिसतं: डिजिटल सिग्नल नीट पोचतो किंवा अडखळतो, मुलाम्याने रंग खुलत नाहीत.

निळ्या प्रकाशाचे चष्मे डोळ्यांचा ताण घालवतात: कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात साध्या चष्म्यापेक्षा विशेष फायदा आढळला नाही.

माउसचा डीपीआय जितका जास्त तितका माउस चांगला: घरच्या कामाला हजार-दीड हजाराच्या वरचा आकडा खोक्यावरच राहतो.

चार्जर-ॲडॉप्टर कुठलाही चालतो, पिन बसल्याशी कारण: त्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा.

तर मग स्पाइक गार्ड घेऊच नये का? घ्या, पण एमओव्ही असलेला, संरक्षणाचा वेगळा दिवा असलेला घ्या, आणि तो यादीत शेवटी ठेवा. पहिला खर्च वायरमनचा: अर्थिंग आहे का ते दिव्याने किंवा मीटरने तपासून घ्या, नसेल तर करून घ्या. दुसरा मेन बोर्डातल्या प्रोटेक्टरचा. तिसरा यूपीएसचा. यातलं काहीच केलं नसेल तर तुमच्या टेबलाखालचा तो लाल दिवा वीज आली आहे एवढंच सांगतो आहे, आणि ते तर पंखा फिरताना पाहूनही कळतं.