सायकल थांबली की माणूस पडतो

अमरावती ते अकोला या रस्त्याचे नाव २०२२ च्या जून महिन्यात जगभर झाले. लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचे सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रस्ता गुळगुळीत असला की सायकलवाले येतातच. रविवारी फज्रनंतर बडनेऱ्याच्या पुढे निघालात, तर हेल्मेट घातलेले स्वार मूर्तिजापूरच्या दिशेने जाताना दिसतात. त्यांत डॉक्टर, शिक्षक, दुकानदार असतात, कॉलेजची मुले असतात. काही जण चिखलदऱ्याचा घाट चढायला परतवाड्याकडे वळतात. काही जण ब्रेव्हेची तयारी करत असतात. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. यात पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झाले.

आपल्या विदर्भातील तरुणांना या छंदाचे आकर्षण वाटावे असे काही घडलेही आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पुरी केली. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे हे पहिले दोन भारतीय. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने पार केली होती.

ही नावे वाचून घरातला एखादा मुलगा, भाऊ किंवा नवरा चांगली सायकल घेतो. सहा महिन्यांनी तो सांगतो, “आता बूट आणि क्लिपलेस पेडल घ्यायचे आहेत.” घरातल्यांना वाटते, बूट तर बूट! आणि मग एके दिवशी तो कोपर खरचटून घरी येतो. हा लेख त्या दिवसासाठी आहे.

बूट पेडलला का जोडतात?

जुन्या काळी शर्यतीचे स्वार पेडलवर लोखंडी पिंजरा लावत. पायाचा पुढचा भाग त्यात घालून चामड्याच्या पट्ट्याने आवळत. त्या पिंजऱ्याला ‘टो-क्लिप’ म्हणत. बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट पक्का धरून ठेवणारी खटकी बनवणारी ‘लुक’ नावाची फ्रेंच कंपनी होती. तिने तीच युक्ती वापरून १९८४ मध्ये सायकलचे पेडल आणले. पुढच्याच वर्षी बर्नार हिनो या फ्रेंच स्वाराने या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. १९९० मध्ये जपानच्या ‘शिमानो’ने डोंगरी सायकलसाठी लहान पट्टीचे पेडल काढले. बूट घालून चार पावले चालता यावे अशी त्याची रचना होती.

पिंजरा गेला म्हणून नाव पडले ‘क्लिपलेस’. प्रत्यक्षात पाय पूर्वीपेक्षा जास्त घट्ट बसतो. बुटाच्या तळव्याला स्क्रूंनी एक छोटी पट्टी बसवलेली असते, तिला क्लीट म्हणतात. ती पेडलवर ठेवून दाबली की स्प्रिंग ‘खट्’ करून तिला पकडते. मग खडबडीत रस्त्यावरही पाय पेडलवरून घसरत नाही आणि शंभर किलोमीटर पाय एकाच जागी नीट राहतो. सुटका करून घ्यायची तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. पाय सरळ वर ओढला तर सुटत नाही. सुटू नये म्हणूनच तर ते बनवले आहे.

पडायला वेग लागत नाही

आपल्याला वाटते, माणूस सायकलवरून पडतो तो वेगाने जाताना. या पेडलांचे उलटे आहे. सायकल चालत असते तोवर हँडलच्या बारीक हालचालींनी आपण तोल सावरत असतो, आपल्या लक्षातही येत नाही. वेग कमी होत गेला की तोल सावरायला हँडल जास्त वळवावे लागते. सायकल पूर्ण थांबली की सावरायला एकच गोष्ट उरते, जमिनीवर टेकलेला पाय. आणि नेमका तोच पाय पेडलला अडकलेला असतो.

म्हणून नवशिका पडतो तो सिग्नलला, पेट्रोल पंपाच्या वळणावर, गल्लीत आडवी गाय आली तेव्हा, नाहीतर घराच्या फाटकासमोर. म्हणजे जिथे माणसे असतात तिथेच. तो धाडकन आदळत नाही. आधी सायकल थांबते, मग एक क्षण काहीच होत नाही, मग स्वार हँडल धरूनच सावकाश एका बाजूला कलतो आणि आडवा होतो. बघणाऱ्यांना वाटते, चांगला उभा होता, झाले काय याला?

शिक्षिका म्हणून मला यातला शिकण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या माणसाला टाच वळवायची हे माहीत असते. विचारले तर तो बरोबर उत्तर देईल. पण लहानपणापासून तीस वर्षे त्याने सायकल थांबताच पाय सरळ उचलून खाली टेकला आहे. घाबरलेल्या क्षणी शरीर डोक्याला विचारत नाही, जुन्या सवयीला विचारते. माहीत असणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. वर्गात पाढा पाठ म्हणणारे मूल फळ्यासमोर उभे केले की अडखळते, तसेच हे. असे पडणे म्हणजे मूर्खपणा नव्हे. नवी सवय अजून पुरती लागलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बारा दिवस लपवलेली गोष्ट

माझा धाकटा भाऊ अमरावतीला राहतो. गेल्या वर्षी त्याने ही पेडले बसवली. एका चौकात सिग्नलला थांबताना त्याने नियमाप्रमाणे डावा पाय सोडवला होता. पण रस्त्याला उजवीकडे उतार होता. सायकल उजवीकडे कलली आणि उजवा पाय अडकलेलाच. तो रिक्षाच्या पुढ्यात आडवा झाला. रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावले. चहाच्या टपरीवरचा एक पोरगा ओरडला, “काका, स्टँड लावायचं राहिलं!” सगळे हसले. भाऊही हसला, कपडे झटकून उठला आणि घरी गेला.

घरी त्याने कोणालाच सांगितले नाही. अम्मी सायकल बंद करतील ही एक भीती, आणि उभ्या सायकलवरून पडलो हे सांगायची शरम त्याहून मोठी. मनगट दुखत होते, तेव्हा ओळखीच्या माणसाकडून दोनदा मालिश करून घेतली. बाराव्या दिवशी त्याचा मला अकोल्याला फोन आला. कुलपात किल्ली फिरवता येत नव्हती. पहिले वाक्य होते, “आपा, अम्मी को मत बताना.”

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. इंग्रजीत त्याला स्कॅफॉइड म्हणतात. त्याला चीर होती. तळहातावर पडणाऱ्यांचे हे हाड मोडणे नेहमीचे आहे. त्यात फसवणूक अशी की हात वाकडा दिसत नाही, सूजही फारशी येत नाही, त्यामुळे मुरगळले असेल असेच वाटते. ताजी चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. म्हणून दुखणे राहिले तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा आणखी तपासणी करतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी असल्याने ते सावकाश जुळते. उपचाराला उशीर झाला तर न जुळताच राहू शकते आणि मनगट कायमचे अधू होते. भावाला दोन महिने प्लास्टर लागले. अलहम्दुलिल्लाह, हाड जुळले.

अम्मींना सांगावेच लागले. पडल्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बारह दिन चुप क्यूं रहा?” या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

शिकायचे तर असे

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कोणी हे पेडल घेणार असेल तर पुढच्या गोष्टी त्याला आधीच सांगा.

पहिला आठवडा सायकल रस्त्यावर न्यायचीच नाही. भिंतीला हात टेकून सायकलवर बसायचे आणि एकेक पाय अडकवायचा-सोडवायचा. दोन्ही पायांनी पन्नास-पन्नास वेळा, रोज. नंतर मैदानात, गवतावर फक्त एक पाय अडकवून फेऱ्या मारायच्या. मग दोन्ही.

पेडलच्या स्प्रिंगला घट्ट-सैल करायचा स्क्रू असतो. नवशिक्याने तो अगदी सैल ठेवावा. काही क्लीट एकाच दिशेने सुटतात, काही जास्त दिशांनी सुटतात. दुकानात विचारून दुसऱ्या प्रकारची घ्यावी.

थांबल्यावर पाय सोडवायचा नाही. थांबायच्या आधीच, सायकल अजून चालत असताना सोडवायचा. चौक दिसला की टाच वळलीच पाहिजे. सुटलेल्या पायाच्या बाजूलाच अंग कलते ठेवायचे. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालवतो, म्हणून डावा पाय सोडवावा. उजवीकडे पडणे म्हणजे गाड्यांच्या पुढ्यात पडणे. गर्दीच्या बाजारात दोन्ही पाय मोकळे ठेवले तरी काही बिघडत नाही. थांबण्याआधी गिअर हलका करावा, म्हणजे पुन्हा निघताना सायकल अडत नाही.

पावसाळ्यात आपली वऱ्हाडची काळी माती लक्षात ठेवा. शेताच्या कडेला उतरून चार पावले चाललात की तळव्यावर चिकण मातीचा थर बसतो. मग क्लीट नीट अडकत नाही, किंवा अडकली तर नीट सुटत नाही. चढण्यापूर्वी काडीने माती खरवडून काढावी. क्लीटचे स्क्रूही महिन्यातून एकदा आवळावेत. एक स्क्रू पडला तर टाच वळते, पण क्लीट जागीच फिरते आणि पाय सुटत नाही.

पडायचेच झाले तर हात पुढे काढून जमीन धरायला जाऊ नये. हँडल धरून ठेवावे, म्हणजे धक्का दंड-मांडीवर वाटला जातो. हातमोजे आणि हेल्मेट मैदानातही घालावे. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी किंवा खांद्याजवळच्या हाडावर दाबून दुखत असेल तर मालिश करू नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणि शेवटची गोष्ट, ही पेडले सगळ्यांना लागतात असे नाही. शाळेत, बाजारात, मशिदीपर्यंत जायला साधे पेडल उत्तम. लांबची फेरी साध्या पेडलवरही पुरी होते. मित्रांकडे आहेत म्हणून मुलगा मागत असेल, तर आणखी एक वर्ष थांबायला हरकत नाही.

हसणाऱ्यांचा वाटा

पेडलचा प्रश्न थोड्या घरांचा असेल, पडण्याचा मात्र सगळ्या घरांचा आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. सायकल मिळते, पण पुष्कळ मुलींना ती चालवता येत नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी, ओढणी सावरत, गावाच्या रस्त्यावर त्या शिकू लागतात. पहिल्यांदा पडली की नाक्यावर हशा होतो. दुसऱ्यांदा पडली की घरचे म्हणतात, “राहू दे, भाऊ चालवेल.” सायकल भावाची होते आणि मुलगी पुन्हा पायी चालू लागते. गुडघा आठ दिवसांत भरतो. तो हशा मात्र तिची सायकल कायमची घेऊन जातो.

रस्त्यावरच्या लोकांचे तोंड आपण धरू शकत नाही. घरातले बोलणे मात्र आपल्या हातात आहे. कोणी पडून आले तर पहिला प्रश्न “कुठे लागले?” हाच असावा. “कशाला गेला होतास?” हा प्रश्न दुसऱ्या दिवशीही विचारता येतो. पहिल्याच दमात विचारला, तर पुढच्या वेळी तो मुलगा, ती मुलगी पडल्याचे सांगणारच नाही. तेव्हा मनगट मोडलेले असेल आणि घरात कोणाला पत्ताही नसेल.

मुलांना आजच सांगून ठेवा: पडलात तर या घरात कोणी हसणार नाही, आणि पडलात म्हणून सायकलही काढून घेणार नाही. फक्त घरी येऊन सांगायचे, त्याच दिवशी.