विंचवाचे विष आणि आखडलेल्या धमन्या

कोयनानगरच्या डोंगराळ भागाला विंचू नवा नाही. दगड उचलताना, सरपण काढताना नांगी बसते. कळा जीवघेण्या वाटतात, पण लाल विंचवाच्या दंशात खरा धोका हृदयाला असतो.

धमन्यांच्या भिंतीतील स्नायूंवर ‘अल्फा’ नावाचे रिसेप्टर असतात. अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायने कुलपात किल्ली बसावी तशी तिथे बसतात आणि धमनी आखडते. अल्फा आणि बीटा हा भेद अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला. विंचवाच्या विषाने ही रसायने शरीरात एकदम उसळतात. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते.

प्राझोसिन हे औषध अल्फाचे कुलूप आधीच अडवते. किल्लीला जागा उरत नाही, धमनी सैल होते आणि हृदयावरचा भार उतरतो. घाटाखाली कोकणात, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर हे औषध वापरले. त्यांचे अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवले.

म्हणून दंशानंतर दरदरून घाम, उलटी किंवा गार हातपाय दिसले, तर मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. थेट आरोग्य केंद्र गाठा. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. ती घेतल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे, कारण एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते.