मदतीचे पैसे कसे येतात, कुठे अडतात

अतिवृष्टीच्या सरकारी मदतीची सुरुवात पंचनाम्याने होते. एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की तिथे अतिवृष्टी झाली असे धरतात आणि तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक मिळून नुकसानीची पाहणी करतात. या तिन्ही पदांची सरकारी नावे अलीकडे बदलली; गावात मात्र अजून तलाठीच येतो. पिकाचे 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले असेल तरच नाव यादीत जाते. मदतीचा दर झालेल्या खर्चावर किंवा बाजारभावावर ठरत नाही, जिरायत की बागायत यावर ठरतो. 2025 मध्ये आपत्ती निधीच्या निकषांनुसार तो जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये होता. दोन एकर जिरायत सोयाबीन, म्हणजे सातबाऱ्यावरचे साधारण 80 आर, पाण्याखाली गेले तर हाती येतात 6,800 रुपये. बियाणे आणि फवारणीचा खर्चही त्यात भागत नाही, तरी पुढची पेरणी याच पैशांवर अडलेली असते. म्हणून 'आज येतील, उद्या येतील' करत घरोघर मोबाइल तपासले जातात.

पंचनाम्याची यादी तहसील कार्यालयातून पोर्टलवर चढते. प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक पडतो. बोलताना सगळे त्याला 'व्हीके नंबर' म्हणतात. यादी ग्रामपंचायतीच्या किंवा तलाठी कार्यालयाच्या फलकावर लागते. हा नंबर आणि आधार कार्ड घेऊन शेतकरी सेवा केंद्रात जातो, अंगठा लावतो आणि त्याची ई-केवायसी होते. अंगठा लावण्याआधी पडद्यावरचे नाव, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम वाचून पाहायची असते. क्षेत्र कमी दिसत असेल तर तिथेच 'मान्य नाही' अशी नोंद करता येते आणि तक्रार तहसीलकडे जाते. गर्दीत, मागून कोणी घाई करत असताना, हे वाचणे बहुतेकांकडून राहून जाते. 2025 च्या मदतीत शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, काढलेल्यांना या केवायसीतून सवलत मिळाली.

सामाईक गटाचे प्रकरण जास्त रेंगाळते. चार भावांचा सातबारा एकच असेल तर बाकीच्यांचे संमतीपत्र दिल्यावरच रक्कम एकाच्या नावे निघते. खातेदार वारलेला असेल आणि वारसनोंद झालेली नसेल, तर ती आधी करावी लागते. भावकीतले जुने वाद अशा वेळी वर येतात आणि दोष मात्र सरकारच्या संगणकाला दिला जातो.

यापुढचा टप्पा सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. सरकारी अनुदान थेट खात्यात जमा करण्याची पद्धत देशात 1 जानेवारी 2013 पासून सुरू झाली. शेतकरी मदत, पीएम किसान, लाडकी बहीण अशा योजनांचे पैसे आता मुख्यतः आधार क्रमांकावर पाठवले जातात, खाते क्रमांकावर नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक नोंदवही असते, तिला मॅपर म्हणतात. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेकडे जोडलेला आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. पैसे त्या बँकेकडे जातात आणि बँक आपल्याकडचे खाते शोधून जमा करते. एका आधारला एका वेळी एकच बँक, आणि शेवटी जोडलेली बँक खरी. त्यामुळे अर्जाला जिल्हा बँकेचे पासबुक जोडले असले तरी पैसे तीन वर्षांपूर्वी पुण्यात कामाला असताना उघडलेल्या खात्यात जाऊ शकतात. 'पैसे आलेच नाहीत' या तक्रारींत असे बरेच पैसे सापडतात. 2017 मध्ये तर एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांच्या नकळत खाती निघाली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले. ते प्रकरण देशभर गाजले होते.

खात्याला आधार 'लिंक' असणे आणि मॅपरमध्ये 'सीडिंग' असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरचा माणूस 'लिंक आहे' म्हणाला तरी सीडिंगचे वेगळे विचारावे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येते. बदल हवा असेल तर ज्या बँकेत पैसे यावेत तिच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा. मदत खात्यात आल्यावर बँकेने ती थकलेल्या पीककर्जात वळती करू नये, असे राज्य सरकारच्या मदतीच्या निर्णयांत स्पष्ट लिहिलेले असते. कोणी कापून घेतली तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करावी.

एवढी वाट कळली की फसवणूक ओळखणे सोपे जाते. पैसे कुठे जायचे हे मॅपर ठरवतो. त्यामुळे फोनवर खाते क्रमांक, एटीएम कार्डावरचे आकडे किंवा ओटीपी विचारण्याची गरज कोणत्याही सरकारी कार्यालयाला पडत नाही. 'तुमचा हप्ता अडकलाय, मी तहसीलमधून बोलतोय' असे सांगणाऱ्याला व्हीके नंबर विचारून पाहावा. तो बहुधा फोन ठेवतो.

सध्याचा मोठा धोका व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या, फाइलचा आहे. नाव असते पीएम किसान किंवा केवायसी. बहुतेकदा ती गावाच्याच ग्रुपवर, ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून पडते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की ॲप मेसेज वाचण्याची परवानगी मागते. परवानगी दिली की बँकेचे ओटीपी मालकाच्या आधी चोराला दिसतात आणि पुढे काही विचारण्याचीही त्याला गरज उरत नाही. सरकारी योजनेचे ॲप व्हॉट्सॲपवरून येत नाही. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' असा संपतो. मध्येच कुठेतरी 'जीओव्ही' असून शेवट दुसराच असेल तर ते बनावट. 2025 पासून सरकारी मेसेजच्या पाठवणाऱ्याच्या नावाअखेर रेघ आणि 'जी' हे इंग्रजी अक्षर असते. दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला 'अनुदान मंजूर' हा मेसेज सरळ पुसून टाकावा.

दुसरी चोरी समोरासमोर होते. आधारवर अंगठा लावून पैसे काढताना 'सर्व्हर डाऊन आहे, परत लावा' असे दोन-तीनदा सांगितले जाते आणि प्रत्येक अंगठ्याला एक व्यवहार होतो. यात वृद्ध जास्त सापडतात, कारण त्यांचा अंगठा खरोखरच पटकन उमटत नाही. दर वेळी पावती मागावी, ती नाकारणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. एरवी आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात. लागतील तेव्हा काही मिनिटांसाठी उघडायचे. यूपीआयचा तर साधा नियम आहे: पैसे घेताना पिन लागत नाही, तो देताना लागतो.

सगळाच घोटाळा दूरच्या चोरांचा असतो असेही नाही. जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावे घुसल्याचे 2025 मध्ये उघड झाले आणि त्यात महसूल कर्मचारीच निलंबित झाले. फलकावर लागलेली यादी गावाने वाचावी ती यासाठी. ज्याची जमीनच नाही त्याचे नाव गावातला माणूस एका नजरेत ओळखतो.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. तासाभरात कळवले तर ते वाटेतच गोठवता येण्याची शक्यता राहते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना खात्यातून रक्कम गेली आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान त्याच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवण्यापूर्वीचा तोटा त्याचा, त्यानंतरचा बँकेचा. म्हणून फोन झाल्यावर शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि शिक्का, तारीख व वेळ घातलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.