पेशीचा एकुलता एक केस

गैरसमज : सिलिया म्हणजे श्वासनलिकेतला कफ बाहेर लोटणारे केस, बस्स.

वस्तुस्थिती : शाळेत शिकलो ते खरं, पण अर्धंच. लोटालोट करणारे सिलिया एकेका पेशीवर दाटीनं असतात. शिवाय शरीरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींना एकच, न हलणारा ‘प्राथमिक’ सिलियम असतो. कार्ल झिमरमन यांनी १८९८ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. तरी पुढे कित्येक दशकं तो निरुपयोगी अवशेष समजला गेला. २००० साली मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणाऱ्या उंदरांत तो खुरटलेला आढळला आणि त्याचे दिवस पालटले.

गैरसमज : सिलियम पेशीची वाढ थांबवतो, तो गेला की कॅन्सर ठरलेला.

वस्तुस्थिती : सिलियम ज्या सेंट्रिओलवर, म्हणजे पेशीतल्या एका सूक्ष्म नळकांड्यावर, उभा असतो, तोच पेशीला विभाजनाच्या वेळी हवा असतो. म्हणून निरोगी पेशीही विभाजनाआधी सिलियम मोडते आणि नंतर पुन्हा उभारते. वाढीचे संकेत टिपणं हे त्याचं मुख्य काम, आणि संकेत ‘वाढ’ असाही असतो, ‘थांब’ असाही. २००९ मध्ये उंदरांच्या त्वचेच्या आणि मेंदूच्या गाठींवर झालेले दोन अभ्यास मला फार बोलके वाटतात. बिघाड वाढीचा संकेत पुढे नेणाऱ्या साखळीतल्या स्मूदन्ड या प्रथिनात होता, तेव्हा सिलियम काढल्यावर गाठ धरेना. त्याच साखळीतल्या पुढच्या ग्लाय-२ या प्रथिनात होता, तेव्हा मात्र सिलियम नसतानाच ती फोफावली.

गैरसमज : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अस्तराचे सिलिया झडतात.

वस्तुस्थिती : इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. अस्तराच्या पेशींवर दिसणारी झालर मायक्रोव्हिलाय या बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांची. सिलियाशी तिचा संबंध नाही. मोठ्या आतड्यात प्राथमिक सिलिया मुख्यतः अस्तराखालच्या फायब्रोब्लास्ट या आधार देणाऱ्या पेशींवर असतात. कॅन्सर होतो अस्तराला, सिलिया शेजाऱ्याचे! फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांच्या फायब्रोब्लास्टवरचे सिलिया कमी केले. रसायनं देऊन आतड्याला सूज आणली, तेव्हा या उंदरांना ती जास्त जाचली, गाठीही जास्त झाल्या. सूज वाढवणारं इंटरल्युकिन-६ त्यांच्या आतड्यात वाढलेलं होतं आणि त्याच्यामुळे फायब्रोब्लास्टवरचे सिलिया आणखी घटतात, असंही दिसलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची दीर्घकाळची सूज) आणि आतड्याचा कॅन्सर असलेल्या रुग्णांच्या नमुन्यांतही रोगट भागात सिलिया कमीच होते. मात्र रुग्णाच्या नमुन्यावरून आधी काय बिघडलं, हे ठरत नाही. शिवाय हा प्रयोग सुजेतून होणाऱ्या कॅन्सरचा; माणसांत बहुतेक वेळा सुरुवात कोलायटिस नसताना, अस्तरावर उगवलेल्या साध्या पॉलिपपासून (मांसल उंचवट्यापासून) होते.

गैरसमज : मग सिलिया तपासून घ्यावेत.

वस्तुस्थिती : तशी तपासणी दवाखान्यात होत नाही. आतड्याचा कॅन्सर वेळीच शोधायला शौचातलं न दिसणारं रक्त तपासणं आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतडं आतून पाहणं) हे आजचे मुख्य मार्ग. कोलोनोस्कोपीत पॉलिप सापडला, तर बहुधा तिथल्या तिथे काढता येतो.