समुद्रातील तेलक्षेत्र बंद करताना: डिकमिशनिंगच्या मूलभूत संज्ञा

तेलक्षेत्रातून तेल काढणे परवडेनासे झाले, की उत्पादन थांबवले जाते. मात्र कंपनीची जबाबदारी तिथे संपत नाही. विहिरी कायमच्या बुजवणे, प्लॅटफॉर्म हलवणे, नळवाहिन्या साफ करणे आणि समुद्रतळाची तपासणी करणे, या सर्व कामांना मिळून डिकमिशनिंग म्हणतात. हे काम उत्पन्न थांबल्यावर करायचे असते. म्हणून खर्च कोणाचा आणि समुद्रात काय ठेवायचे, हे नियमांनी आधीच ठरवावे लागते. शेटलँड बेटांच्या ईशान्येकडील ब्रिटनच्या ब्रेंट क्षेत्राच्या आधारे या संज्ञा समजून घेऊ.

रचनेचे भाग. पाण्यावरचा यंत्रसामग्रीचा आणि राहण्याचा भाग म्हणजे टॉपसाइड. त्याला पेलणारा पोलादी सांगाडा म्हणजे जॅकेट. काही प्लॅटफॉर्म स्वतःच्या वजनाने तळावर उभ्या राहणाऱ्या काँक्रीटच्या पायावर असतात. ब्रेंटच्या चार प्लॅटफॉर्मांपैकी अल्फा जॅकेटवर, तर ब्राव्हो, चार्ली आणि डेल्टा काँक्रीटच्या पायांवर उभारले होते. डेल्टाचा सुमारे 24,000 टनांचा टॉपसाइड 2017 मध्ये एकाच उचलीत काढून इंग्लंडच्या किनाऱ्यावर नेण्यात आला.

डिकमिशनिंग कार्यक्रम. ब्रिटनच्या 1998 च्या पेट्रोलियम कायद्यातील कलम 29 नुसार सरकार संबंधित कंपन्यांना नोटीस देते. मग कंपन्या कामाची पद्धत, खर्च आणि वेळापत्रक असलेला कार्यक्रम मंजुरीसाठी सादर करतात. जबाबदारी संयुक्त आणि स्वतंत्र असते. म्हणजे एका भागीदाराचे दिवाळे निघाले, तरी त्याचा भार उरलेल्यांवर येतो.

डेरोगेशन, म्हणजे नियमातून सूट. 1995 मध्ये शेल कंपनी ब्रेंट स्पार ही तेल साठवण्याची तरंगती टाकी अटलांटिकमध्ये बुडवणार होती. ग्रीनपीसच्या आंदोलनामुळे तो बेत रद्द झाला. त्यातील शिल्लक तेलाचा आपला अंदाज चुकल्याचे ग्रीनपीसने नंतर मान्य केले. तरीही धोरण बदललेच. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठीच्या ऑस्पार कराराच्या 98/3 या निर्णयाने निकामी रचना समुद्रात टाकण्यास किंवा जागेवर सोडण्यास बंदी घातली. काँक्रीटचे पाये आणि 10,000 टनांहून जड जुन्या जॅकेटांचे तळाकडील भाग यांच्यासाठी मात्र सूट मागता येते. ब्रेंटचे काँक्रीटचे पाये जागेवर ठेवण्याच्या प्रस्तावाला जर्मनीने आक्षेप घेतला, कारण त्यांतील कोठारांत तेलमिश्रित गाळ आहे.

शिल्लक दायित्व. सूट मिळाली, तरी मागे ठेवलेल्या रचनेची मालकी आणि तिच्यामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी कंपनीकडेच राहते.

भारतातील तरतूद. मुंबई हायमधील उत्पादन 1976 मध्ये, म्हणजे ब्रेंटच्याच वर्षी सुरू झाले. भारतात या कामासाठी ‘साइट रिस्टोरेशन’, म्हणजे जागा पूर्ववत करणे, ही संज्ञा रूढ आहे. 1999 च्या साइट रिस्टोरेशन फंड योजनेनुसार कंपनी उत्पादन चालू असतानाच निधी बाजूला ठेवू शकते. आयकर कायदा, 1961 च्या कलम 33एबीए मध्ये त्यावर करसवलतीची तरतूद करण्यात आली. उद्देश सरळ आहे: तेल संपेल तेव्हा तिजोरी रिकामी नसावी.

विचार करा: काँक्रीटचा पाया काढताना कामगारांच्या जिवाला धोका असेल आणि ठेवल्यास गाळ शतकानुशतके तिथेच राहणार असेल, तर सूट द्यावी का? दोन्ही बाजूंनी कारणे लिहा.