कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटर (मत्स्यालय)

कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटर हे सिलिंडरमधील उच्च दाबाचा वायू कमी व स्थिर दाबाला आणून पाणवनस्पतींच्या मत्स्यालयात मोजून सोडणारे उपकरण आहे. वनस्पतींची वाढ, माशांचे जीवित आणि घरातील माणसांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्याच्या निवडीवर अवलंबून असतात.

गरज

हवेशी समतोल साधलेल्या २५° सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तीव्र प्रकाशात वाढणाऱ्या पाणवनस्पतींना तो अपुरा पडतो. म्हणून वायू बाहेरून पुरवून हे प्रमाण वाढवतात. लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम ही व्यवहारातील वरची मर्यादा मानली जाते. त्यापुढे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात व दगावू शकतात.

रचना

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. त्याचा दाब २०° सेल्सियसला सुमारे ५७ बार असतो. रेग्युलेटर तो साधारण १ ते ३ बारपर्यंत उतरवतो. त्यापुढे वीज मिळताच उघडणारी सोलेनॉइड झडप, प्रवाह बारीक करणारी सुई-झडप, बुडबुडे मोजण्याची नळी आणि पाणी उलट येऊ न देणारी एकदिशा झडप असते. स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर याहून फार कमी दाबासाठी बनवलेला असल्याने तो येथे कधीही वापरू नये.

प्रकार

एकटप्पी रेग्युलेटर दाब एकाच पायरीत उतरवतो. तो स्वस्त असतो. मात्र सिलिंडर रिकामा होत आला की आतील दाब घसरतो आणि बाहेरचा दाब वाढतो. सुई-झडप हलकी असल्यास उरलेला वायू वेगाने पाण्यात जाऊ शकतो. दोनटप्पी रेग्युलेटरमध्ये पहिल्या पायरीतील चढउतार दुसरी पायरी शोषून घेते, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी होतो. एकटप्पी रेग्युलेटर वापरताना दर्जेदार सुई-झडप घ्यावी व दाब उतरू लागताच सिलिंडर बदलावा.

निवडीचे निकष

रेग्युलेटरचा आटा सिलिंडरच्या झडपेशी जुळला पाहिजे. युरोपीय पद्धतीचा डब्ल्यू २१.८ आणि अमेरिकी सीजीए-३२० हे आटे परस्परांना बसत नाहीत. सोलेनॉइड भारतातील २३० व्होल्ट विजेवर किंवा योग्य अडॅप्टरवर चालणारी असावी. ११० व्होल्टची जळून जाते. दाबमापक सिलिंडरमधील शिल्लक दाखवत नाही, कारण द्रव उरला आहे तोवर दाब केवळ तापमानानुसार बदलतो. शिल्लक वजनावरूनच कळते.

३१° सेल्सियसच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहत नाही व भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्याने वाढतो. विदर्भातील ४५° सेल्सियसच्या उन्हाळ्यात तो १०० बारच्याही पुढे जातो. त्यामुळे सिलिंडर उन्हात ठेवू नये.

पाणी व पावसाळा

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माले या गावासारख्या अतिवृष्टीच्या परिसरात मत्स्यालयासाठी पावसाचे पाणी सहज साठवता येते. ते अत्यंत मृदू असते. विंधनविहिरीचे पाणी बहुधा कठीण असते. वायूचे प्रमाण पुढील सूत्राने अजमावतात:

कार्बन डायऑक्साइड (मिलिग्रॅम प्रतिलिटर) = ३ × कार्बोनेट कठिणता (जर्मन अंशांत) × १०^(७ − सामू)

कठिणता ४ असताना ६.६ सामू म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम. त्याच सामूला कठिणता १ असल्यास ७.५, तर १० असल्यास ७५ मिलिग्रॅम. म्हणून सामू-नियंत्रकावर चालणाऱ्या रेग्युलेटरची मांडणी पाण्याचा स्रोत बदलताच पुन्हा तपासावी लागते. अन्यथा मासे गुदमरतात.

पावसाळ्यात वीज खंडित झाल्यास सोलेनॉइड आपोआप बंद होते. यांत्रिक टायमर मात्र तितका वेळ मागे पडतो आणि वायू अंधारातही चालू राहतो. अंधारात वनस्पती तो वापरत नाहीत. त्यामुळे बॅटरीवर वेळ राखणारा टायमर अधिक योग्य ठरतो. वायू दिवे लागण्याच्या १ ते २ तास आधी सुरू करून दिवे मालवण्याच्या सुमारे तासभर आधी बंद करतात.

सुरक्षितता

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असून त्याला वास नसतो. २ किलो वायू सामान्य तापमानाला सुमारे १,१०० लिटर जागा व्यापतो. तो सर्व १० फूट लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत गळल्यास हवेतील प्रमाण ४ टक्क्यांच्या जवळ जाते. कामाच्या ठिकाणची आठ तासांची प्रचलित मर्यादा ०.५ टक्के आहे. म्हणून खोली हवेशीर असावी व प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा. सिलिंडर उभा व बांधलेला ठेवावा, कारण आडव्या सिलिंडरमधील द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

भारतात अशा सिलिंडरना वायू सिलिंडर नियम, २०१६ लागू असून त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. सिलिंडर घेताना त्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख पाहावी. मुदत उलटलेला सिलिंडर भरून घेऊ नये.