जुन्या लष्करी रायफलीची पारख

सैन्याने एक शस्त्र टाकून दुसरे स्वीकारले, की पहिल्याचे काय करावयाचे हा प्रश्न प्रत्येक सरकारपुढे उभा राहतो. काही रायफली वितळवल्या जातात, काही पोलिसांकडे व छात्रसैनिकांकडे जातात, काही मित्रराष्ट्रांना दिल्या जातात आणि उरलेल्या व्यापाऱ्यांना विकल्या जातात. दोन महायुद्धांत कोट्यवधी रायफली तयार झाल्या होत्या. त्यामुळे युद्धोत्तर काळात या शिलकी शस्त्रांचा एक विस्तीर्ण बाजार निर्माण झाला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे त्याचे प्रमुख केंद्र होय.

तेथील संग्राहक जुनी नाणी किंवा टपालाची तिकिटे जमवणाऱ्याच्याच वृत्तीचा असतो. रायफल कोठे घडली, कोणी वापरली, कोणत्या देशांतून फिरत आली यांत त्याला रस असतो. परंतु नाण्यात आणि रायफलीत एक मोठा भेद आहे. खोटे नाणे घेतले तर पैसे बुडतात. सदोष रायफल घेऊन ती चालवली तर डोळा जाण्याचा संभव असतो. म्हणून विक्रेत्याने सांगितलेली कथा क्षणभर बाजूस ठेवून रायफलीच्या अंगावर जे लिहिलेले आहे ते वाचावयास शिकणे, ही या छंदातील पहिली विद्या मानली जाते. ही विद्या समजून घेण्यासाठी आपण भारतीय वाचकांच्या परिचयाचेच एक उदाहरण घेऊ. ते म्हणजे ली-एन्फिल्ड, अर्थात आपल्या पोलिसांची ‘थ्री-नॉट-थ्री’.

एका रायफलीचा प्रवास

या रायफलीच्या नावातील ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या व कॅनडात वाढलेल्या या संशोधकाने तिचा बोल्ट व मॅगझीन यांची मूळ रचना केली. ‘एन्फिल्ड’ हे लंडनजवळील सरकारी कारखान्याचे गाव. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून ‘थ्री-नॉट-थ्री’. तिचा ‘मार्क तीन’ हा प्रसिद्ध नमुना १९०७ साली स्वीकारला गेला. तो इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियातील लिथगो येथे आणि कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठच्या इछापूर येथे तयार होत असे.

१९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर इछापूरने याच रचनेची, परंतु ७.६२ मिलिमीटरचे काडतूस घेणारी ‘२ए’ आणि पाठोपाठ ‘२ए१’ ही रायफल घडवली. मूळ थ्री-नॉट-थ्री मात्र पोलिसांच्या खांद्यावर राहिलीच. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा काही पोलिसांच्या हाती तीच होती; उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. इछापूरच्या पुष्कळ रायफली दरम्यान अमेरिकेच्या बाजारात पोहोचल्या होत्या.

कायद्याची चौकट

१९६८ पूर्वी अमेरिकेत अशी रायफल टपालाने मागवता येत असे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ज्या इटालियन कारकानो रायफलीतून गोळ्या झाडल्या गेल्या, ती त्याच वर्षी शिकागोच्या एका दुकानातून टपालाने आलेली होती. दुर्बिणीसह तिची जाहिरातीतील किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. १९६८ च्या कायद्याने ही टपालविक्री थांबवली आणि परदेशी लष्करी शिलकी शस्त्रांच्या आयातीवरही बंदी घातली. १९८४ मध्ये दुर्मीळ व ऐतिहासिक शस्त्रांपुरती ती शिथिल झाली.

सर्वसाधारणपणे मूळ स्वरूपात असलेले व पन्नास वर्षे पूर्ण झालेले शस्त्र या वर्गात मोडते. संग्राहकाचा खास परवाना घेणाऱ्यास ते परराज्यातूनही थेट घरी मागवता येते. मात्र प्रत्येक खरेदीची नोंद वहीत ठेवावी लागते आणि त्या परवान्यावर व्यापार करता येत नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्यामुळे ते आधी पाहणे आवश्यक असते. सारांश, रायफलीवर कोरलेले वर्ष हा इतिहासाइतकाच कायद्याचाही विषय आहे.

भारतात परिस्थिती अगदी निराळी आहे. ०.३०३ इंच आणि ७.६२ मिलिमीटर ही दोन्ही मापे आपल्या शस्त्रकायद्याने ‘प्रतिबंधित बोअर’ ठरवली असल्याने सामान्य नागरिकास ही खरेदी करता येत नाही. तथापि पुढील वाचनविद्या संग्रहालयातील कपाटापुढे उभ्या राहणाऱ्या जिज्ञासूसही उपयोगी पडेल.

ठशांची भाषा

रायफल हाती घेताच प्रथम ती रिकामी आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी. विक्रेत्याचा शब्द येथे पुरेसा नाही. त्यानंतर दस्ता जेथे लोखंडाला मिळतो तेथील पट्टा पाहावा. उजव्या बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना असे सर्व एकाखाली एक कोरलेले असते. सातव्या एडवर्डच्या काळात ‘ई.आर.’, पाचव्या जॉर्जपासून ‘जी.आर.’, तर इछापूरच्या रायफलीवर ‘जी.आर.आय.’ असते. यातील शेवटचे अक्षर सम्राटपदाचे द्योतक आहे. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. एका साम्राज्याचा अंत अशा रीतीने दोन बोटे रुंदीच्या लोखंडावर नोंदला गेला आहे.

दुसरी गोष्ट अनुक्रमांकाची. तो मुख्य सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या मुठीवर, मागच्या नेमपट्टीखाली आणि पुढच्या टोपणावर असा अनेक ठिकाणी आढळतो. सर्व ठिकाणी तो एकच असेल तर भाग मूळचे एकत्र आहेत असे समजावे. लाकडात बसवलेले ठिगळ किंवा इछापूरच्या रायफलीच्या पुढील लाकडातून आडवा गेलेला मजबुतीचा स्क्रू हे दोष नव्हेत. त्या लष्करी कार्यशाळेच्या प्रामाणिक दुरुस्त्या होत.

नळी आणि बोल्ट

जुन्या काडतुसांच्या टोपीतील दारूत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर मागे राहणारा क्षार हवेतील ओलावा शोषून घेतो आणि नळी आतून गंजवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणूनच जुने सैनिक गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत. ज्यांनी कंटाळा केला त्यांच्या आळसाचे व्रण आजही दिसतात. बोल्ट काढून मागून प्रकाश सोडावा आणि आतील पिळाच्या खाचा स्पष्ट आहेत की खड्ड्यांनी भरल्या आहेत ते पाहावे. नळीचे तोंडही न्याहाळावे. सफाईची दोरी वर्षानुवर्षे एकाच बाजूने ओढली गेल्यास तोंड अंडाकृती झिजते आणि मग नेम लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र डोळ्यांनी होत नाही. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ही कड बोल्टचे तोंड आणि नळीची मागील बाजू यांच्यामध्ये बसते. या फटीचे माप ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या दरम्यान असावे लागते. फट अधिक असेल तर पितळी काडतूस ताणले जाऊन बुडाजवळ तुटते आणि तप्त वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळतो. बोल्टवरचा अनुक्रमांक वेगळा असणे ही केवळ किंमत कमी करणारी उणीव नाही, ती धोक्याची खूण आहे. खास मापक असलेल्या जाणकार कारागिराकडून ही फट मोजून घेतल्याशिवाय अशी रायफल चालवू नये.

‘डी.पी.’ ही दोन अक्षरे दिसली तर प्रश्नच मिटतो. याचा अर्थ ‘केवळ कवायतीसाठी’. राष्ट्रीय छात्र सेनेत ज्यांनी कवायत केली आहे त्यांना या रायफली आठवतील. गोळीबारास अयोग्य ठरलेले भाग त्यांत बसवलेले असतात. पुढील भागावर तार गुंडाळलेली रायफल हातबॉम्ब फेकण्यासाठी वापरलेली असते व तिने अतोनात ताण सोसलेला असतो. या दोन्ही प्रकारच्या रायफली भिंतीवर शोभतात. त्या तेथेच राहाव्यात.

शेवटी ‘२ए१’ विषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ती जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नळी बदलून केलेली नाही. अधिक दाब सोसण्यासाठी ती चांगल्या पोलादाची नव्याने घडवलेली आहे. चौकोनी कोपऱ्यांचे मॅगझीन आणि अंगावर कोरलेले नाव यांवरून ती ओळखावी.

बनावट आणि बतावणी

पाकिस्तानच्या सरहद्दीवरील दर्रा आदमखेल येथे कित्येक पिढ्या हाताने बंदुका घडवल्या जात आहेत. तेथील कारागीर ठसेही उतरवतात, परंतु ज्या लिपीत कोरतात ती त्यांची नव्हे. त्यामुळे अक्षरे उलटी होतात आणि स्पेलिंग चुकते. एखाद्या रायफलीवर ‘व्ही.आर.’ आणि खाली १९१७ हे वर्ष असेल, तर व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्येच निवर्तली होती हे आठवावे. अशा रायफली कुतूहलाची वस्तू म्हणून मोलाच्या आहेत. त्यांच्या लोखंडावर मात्र विश्वास टाकू नये.

याहून सफाईदार फसवणूक महागड्या प्रकारांत होते. लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजांसाठी निवडलेल्या ‘क्रमांक चार (टी)’ रायफलींवर लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड यांनी दुर्बिणी बसवल्या होत्या. खऱ्या रायफलीच्या दस्त्याच्या मुठीवर तिच्या दुर्बिणीचा क्रमांक कोरलेला असतो व दस्त्याखाली ‘एस-५१’ हा सांकेतिक ठसा आढळतो. ‘जंगल कार्बाइन’ म्हणून ओळखली जाणारी आखूड रायफल १९४४ ते १९४७ या काळातच तयार झाली. पुढे साध्या रायफली कापून तिच्यासारख्या दिसणाऱ्या अनेक नकला निघाल्या. खऱ्या कार्बाइनमध्ये वजन घटवण्यासाठी नळीच्या मागील जाड भागातून धातू कोरून काढलेला असतो. नकलेत तो सहसा तसाच राहतो.

अखेर, खरी रायफल मिळाल्यानंतरचा मोह. लाकूड घासून चकचकीत करावे, नळीला नवा काळा रंग द्यावा असे नवख्यास वाटते. युद्धानंतर हजारो रायफली अशाच शिकारीसाठी कापल्या व घासल्या गेल्या आणि आज संग्राहक त्यांना कमी किंमत देतो. कारण घासल्याने ठसे पुसट होतात, आणि ठसे गेले की पुढच्या वाचकासाठी काहीच उरत नाही. जुने घट्ट झालेले वंगण काढावे, पाण्याने व मग तेलाने नळी जपावी, रिकामी रायफल कुलपात ठेवावी, वहीत नोंद करावी. याहून अधिक काही करण्याचा अधिकार त्या वस्तूच्या तात्पुरत्या धन्यास नाही.